घरचे जंतू

घशाचा, जखमेचा किंवा योनिमार्गाचा स्वॅब तपासायला दिला, की रिपोर्टच्या शेवटी पुष्कळदा दोन इंग्रजी शब्द येतात, ‘नॉर्मल फ्लोरा’. तालुक्याच्या गावात लॅब चालवताना या दोन शब्दांवर मला जितके प्रश्न विचारले जातात, तितके साखरेच्या आकड्यावरही विचारले जात नाहीत. ‘मॅडम, हा फ्लोरा कशानं होतो?’ ‘औषध किती दिवस घ्यायचं?’ ‘लहान मुलाला लागणार नाही ना?’ एका आजींनी तर, ‘सुनेच्या माहेरी कुणाला फ्लोरा होता का, ते विचारायला पाहिजे,’ असंही ऐकवलं.

मैत्रिणींनो, नॉर्मल फ्लोरा हा आजार नव्हे. आपल्या अंगावर आणि अंगात कायमची वस्ती करून राहणारे जे जिवाणू असतात, त्यांना मिळून दिलेलं हे नाव आहे. फ्लोरा म्हणजे वनस्पती. पूर्वी जिवाणूंची गणती वनस्पतींत व्हायची, म्हणून ते नाव चिकटलं आणि राहिलं. रिपोर्टवर ते आलं तर त्याचा अर्थ इतकाच, की ‘तिथे जे असायला हवेत तेच सापडले, रोग करणारा परका कुणी सापडला नाही.’ म्हणजे रिपोर्ट चांगलाच आहे हो! पण हे घरचे जंतू नेमकं काय करतात, आणि कधीकधी तेच आजाराला कारण कसे होतात, हे समजून घेतलं तर आपल्या बायकांच्या कितीतरी दुखण्यांचा उलगडा होतो. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

वस्ती केवढी?

सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. भिंगं घासून घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला नाद. १६८३ साली त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. गडी धडधाकट होता, दातही रोज घासायचा. तरीही तोंडात ही जत्रा!

आज आपल्याला आकडेही ठाऊक आहेत. माणसाच्या एका पेशीमागे दहा जिवाणू, असं आमच्या पुस्तकांत असायचं. २०१६ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी तो हिशेब नव्यानं मांडला. सत्तर किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला. सगळे जिवाणू एकत्र करून तोलले तर वजन भरेल सुमारे दोनशे ग्रॅम. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. बाकीचे कातडीवर, नाकात, तोंडात, घशात आणि बायकांच्या योनिमार्गात.

प्रत्येकाची जागा मात्र ठरलेली. काखेतले वेगळे, हिरड्यांतले वेगळे, आतड्यातले वेगळे. आपापल्या जागी ते गुण्यागोविंदानं नांदतात, आणि नुसते राहत नाहीत, भाडंही देतात. आपल्याला न पचलेला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व त्यांपैकीच एक. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असतं. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या मांडीत के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ‘इवल्याशा जिवाला कशाला टोचायचं’ म्हणून घरचे नको म्हणतात, त्यांना हे कारण जरूर सांगा.

रुमाल टाकून धरलेली जागा

पण या जंतूंचं सगळ्यात मोठं काम राखणीचं आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं समजा. सगळ्या सीटवर माणसं बसलेली असली, की मधल्या थांब्यावर चढणाऱ्याला दांड्याला लोंबकळावं लागतं, नाहीतर उतरावं लागतं. तसंच आतड्याचं. जागा भरलेली, खाणं वाटून घेतलेलं, वर हे जुने रहिवासी परक्यांना न मानवणारी आम्लं तयार करतात. टायफॉइडसारख्या जंतूला तिथे पाय रोवणं सोपं जात नाही.

हे नुसतं उदाहरणापुरतं नाही, याचा प्रयोग झालेला आहे. १९५४ साली शिकागो विद्यापीठात मार्जोरी बोनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना साल्मोनेला जंतू पाजले. हे जंतू टायफॉइडच्या जंतूचे भाऊबंद. साध्या उंदरांत आजार रुजायला सुमारे एक लाख जंतू लागले. काही उंदरांना मात्र आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेलं होतं. त्यांना दहापेक्षाही कमी जंतू पुरले! औषधानं आतड्यातली वस्ती उठली, बस रिकामी झाली आणि परक्यानं खुशाल खिडकीची जागा पटकावली.

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पीक दाट असलं की तण दबून राहतं. पिकावरच तणनाशक पडलं, तर पुढच्या पावसात आधी काय उगवतं ते तिला माहीत असतं.

विरजण लावलेलं दूध

आता आपल्या खास बायकांच्या दुखण्याकडे येऊ. ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे वाक्य माझ्या लॅबमध्ये रोज कानावर येतं, तेही कुजबुजत, बाकीच्यांची पाठ वळल्यावर.

दुधात विरजण घातलं की काय होतं? विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात, दूध आंबट होतं, आणि त्या आंबटपणात नासवणारे जंतू सहजासहजी वाढत नाहीत. विरजण न लावलेलं दूध तेवढ्याच वेळात नासून जातं. योनिमार्गात अगदी असंच चालतं. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत, इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तिथल्या पेशींमध्ये एक प्रकारची साखर साठते. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू त्यावर जगतात आणि आम्ल बनवतात. त्यामुळे ती जागा कायम आंबट राहते. १८९२ साली डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे जिवाणू पहिल्यांदा दाखवून दिले. पोरसवदा वयापासून प्रत्येक बाईच्या अंगात हे विरजण लागलेलं असतं, पण तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून थोडा पांढुरका किंवा पाण्यासारखा स्राव जाणं, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत किंवा गरोदरपणात तो वाढणं, हे रोगाचं लक्षण नाही. त्यानं हाडं झिजत नाहीत की अंगातली ताकद जात नाही. थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. बहुतेक वेळा चोर तिथे सापडतो.

बिघाड झालेला मात्र ओळखता यायला हवा. निरोगी बाईच्या स्रावाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की स्वच्छ पेशी आणि मधेमधे लांबट काड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस दिसतात. विरजण बिघडलं की या काड्या नाहीशा होतात. एरवी तिथे थोडक्या संख्येनं राहणारे दुसरे जंतू भरमसाट वाढतात आणि पेशींवर चिकटून बसतात. पापडावर मिरपूड पेरावी तशी ती पेशी दिसते. बाईला जाणवतो तो पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास. या बिघाडात गरोदर बाई मुदतीआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीसारखा आजारही अशा अवस्थेत सहज शिरकाव करतो. म्हणून त्याकडे काणाडोळा करायचा नाही.

दुसरा प्रकार बुरशीचा. कँडिडा नावाची बुरशी पुष्कळ जणींच्या अंगात गपगुमान असते. घशाच्या दुखण्यासाठी आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं, त्यात लॅक्टोबॅसिलसही मेले, की ही बुरशी हातपाय पसरते. काचपट्टीवर ती हळकुंडाला कोंब फुटावेत तशी दिसते. बाईला असह्य खाज सुटते, दह्याच्या कवड्यांसारखा स्राव जातो. गरोदरपणात आणि मधुमेहातही हे होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला बुरशीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. मधुमेहाचा पत्ता आधी खाजेनंच लागला, अशा बायका मी पाहिल्या आहेत.

या दोन्ही बिघाडांत मूळ जंतू बाईच्या स्वतःच्या अंगातलेच असू शकतात. ट्रायकोमोनास, परमा यांसारखे आजार मात्र वेगळे. ते संबंधांतूनच येतात आणि तिथे नवराबायको दोघांनीही औषध घ्यावं लागतं. कुठला प्रकार आहे हे नुसतं ऐकून कळत नाही, काचपट्टी पाहावी लागते. मैत्रिणीला ज्या गोळीनं बरं वाटलं ती आपल्याला लागू पडेलच असं नाही, त्याचं कारण हे.

आणि एक कळकळीचं सांगणं. साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश यांनी आतून धुवायला जाऊ नका. तुमचं विरजणच त्यात वाहून जातं. बाहेरून साधं पाणी पुरतं. दही खावं, जरूर खावं, पण दही किंवा लसूण आत ठेवायचे सांगोवांगीचे उपाय करू नयेत. दह्यातले जिवाणू आणि तिथले जिवाणू सहसा एका जातीचे नसतात.

‘हे कुठून आणलंस?’

काही वर्षांपूर्वी लग्नाला दोन महिने झालेली एक मुलगी सासूबाईंबरोबर लॅबमध्ये आली होती. लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागणं’ म्हणतात. घरी धण्याचं पाणी देऊन झालं होतं, मेडिकलमधून गोळ्याही आणून झाल्या होत्या. कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचा जिवाणू निघाला, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या वर. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि सुनेकडे बघून विचारलं, ‘हे कुठून आणलंस?’

त्या एका प्रश्नात काय काय होतं, ते त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी दोघींना बसवलं आणि सासूबाईंना म्हटलं, ‘काकू, हा जंतू तुमच्या पोटात आहे, माझ्या पोटात आहे, या मुलीच्या पोटात तर ती तान्ही असल्यापासून आहे.’

आणि ते खरंच आहे. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांना हा जिवाणू १८८५ साली सापडला तो निरोगी तान्ह्या बाळांच्या शीमध्येच. त्यांच्याच नावावरून पुढे त्याचं नाव पडलं. आतड्यात तो सभ्य असतो. पण तोच शौचाच्या जागेकडून मूत्रमार्गात सरकला, की उन्हाळी लागते. पुरुषाचा मूत्रमार्ग जवळजवळ वीस सेंटिमीटर लांब, बाईचा जेमतेम चार, आणि शौचाची जागा अगदी शेजारी. म्हणून हा त्रास बायकांनाच फार. निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. लग्नानंतर नव्यानं संबंध सुरू झाले, की घर्षणामुळे हे जंतू पुढे ढकलले जातात. त्यात तिच्या चारित्र्याचा, माहेरच्या वळणाचा किंवा अस्वच्छतेचा काही संबंध नसतो. शरीराची रचनाच तशी आहे.

सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘मलाही लग्नानंतर असंच झालं होतं. मी कुणाला सांगितलंच नाही.’ सून त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढं बोलायला दोघींना लॅबचं बाकडं लागलं.

हे टाळायला काय करावं? शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा. संबंधांनंतर लघवी करून यावी. लघवी तुंबवू नये आणि पाणी भरपूर प्यावं. हे सांगणं सोपं आहे, पण बाजाराच्या दिवशी, शेतावर, एसटी स्टँडवर बाईनं जायचं कुठे? म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवीची धार हीच मूत्रमार्ग धुऊन काढणारी खरी व्यवस्था असते, आणि ती धारच आपण आटवतो. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि एरवी पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. गावात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मागणं ही आरोग्याचीच मागणी आहे. महिला ग्रामसभेत हा विषय लाजून मागे ठेवू नका.

पाळी गेलेल्या बायकांना उन्हाळीचा त्रास पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्या ‘उष्णता’ म्हणून सोडून देतात. इस्ट्रोजेन कमी झालं की लॅक्टोबॅसिलस कमी होतात, राखण सुटते आणि आतड्यातले जंतू तिथे वस्तीला येतात. यावर डॉक्टर लावायला इस्ट्रोजेनचं मलम देतात, त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र पाळी गेल्यावर अंगावरून रक्त दिसलं, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जायचं.

बाटली भरण्याची रीत

लघवीचा कल्चर रिपोर्ट बाटली कशी भरली यावरच अवलंबून असतो. आधी जागा पाण्यानं धुवावी. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि बाटलीच्या आत बोट लावू नये. घरातली औषधाची जुनी बाटली कितीही उकळली तरी चालत नाही. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवावी. नाहीतर कातडीवरचे घरचे जंतू बाटलीत शिरतात, वाटेत दुपटी-चौपटीनं वाढतात आणि चार जातींचं मिश्र पीक उगवतं. अशा रिपोर्टवर आम्ही ‘पुन्हा नमुना द्या’ असं लिहितो, तेव्हा रागावू नका. चुकीच्या जंतूला औषध घेण्यापेक्षा दुसऱ्यांदा बाटली भरलेली बरी.

आणखी एक. काही त्रास नसताना नुसते लघवीत जंतू निघाले, तर दर वेळी औषध लागतंच असं नाही. गरोदर बाईचं मात्र वेगळं. तिला जळजळ नसली तरी लघवीतल्या जंतूंवर उपचार करतात, कारण ते मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका असतो. गरोदरपणातली लघवीची तपासणी म्हणूनच चुकवू नका.

जागा सोडली की घात

एका जागी सभ्य असलेला जंतू दुसऱ्या जागी घातक ठरतो, याची आणखी दोन उदाहरणं देते.

साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो. नाकात तो काही करत नाही. बोटाला कापलेलं असलं किंवा पू झालेला असला की तिथे तो हमखास असतो. त्याच हातांनी बासुंदी ढवळली, पेढे वळले आणि ते पदार्थ उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिले, की तो त्यात वाढतो आणि विष सोडतो. जेवणानंतर दोन-चार तासांत पंगतीला उलट्या सुरू होतात. पदार्थ पुन्हा उकळून जंतू मरतात, पण ते विष टिकून राहतं. म्हणून हाताला जखम असेल त्या दिवशी दुधाच्या पदार्थांना हात लावू नये. लग्नघरात तर नाहीच नाही.

दुसरं उदाहरण तोंडातलं. हिरड्यांभोवती राहणारे स्ट्रेप्टोकॉकस दात काढताना रक्तात उतरतात. बहुतेकांच्या रक्तातून ते लगेच साफ होतात. पण लहानपणी सांधेदुखीच्या तापानं ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे किंवा ज्यांनी झडप बदलून घेतली आहे, त्यांच्या त्या झडपेवर हे जंतू घर करू शकतात. अशा मैत्रिणींनी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधी हे सांगायलाच हवं. आधी औषधाचा डोस द्यायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

बाळाची पहिली वस्ती

ही वस्ती बसायला सुरुवात होते ती जन्माच्या वेळी. बाळंत होताना आईचे जंतू बाळाला मिळतात. सिझेरियन झालेल्या बाळात सुरुवातीला वेगळे जंतू बसतात, पुढे काही महिन्यांत हा फरक बराचसा भरून निघतो. तेव्हा सिझेरियन झालं म्हणून मनाला लावून घेऊ नका. बाळाला लगेच अंगावर घ्या, चीक पाजा.

आईच्या दुधात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कुणासाठी? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जातीच्या जिवाणूंसाठी! आई एका घोटात बाळालाही जेवू घालते आणि त्याच्या राखणदारांनाही. ही वस्ती बसत असताना मधाचं बोट, गूळपाणी, उगाळलेली गुटी असलं काही दिलं, तर त्याबरोबर बाहेरचे जंतूही जातात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही.

या राखणदारांची ताकद ओडिशातल्या एका अभ्यासात दिसून आली. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या पथकानं तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर तो केला आणि २०१७ साली तो ‘नेचर’ या नियतकालिकात आला. निम्म्या बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलसच्या एका खास निवडलेल्या जातीचा डोस दिला. रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण बाकीच्या बाळांत ९ टक्के होतं, या बाळांत ५.४ टक्के. तो जिवाणू पारखून निवडलेला होता आणि देखरेखीखाली दिला होता. म्हणून घरी बाळाला ताक-दही चाटवायला जाऊ नका.

पट्टीवरची लाल रेघ

आता अँटिबायोटिकबद्दल. या औषधांनी लाखो माणसं वाचली आहेत, बाळंतरोगानं मरणाऱ्या बायका वाचल्या आहेत. गरज असताना ती टाळणं हा शहाणपणा नव्हे. पण सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. विषाणू तसाच राहतो आणि मार बसतो तो घरच्या जंतूंना. मग मुलाला जुलाब होतात, आणि ते थांबवायला आपण आणखी एक गोळी आणतो.

काही वेळा हे जिवावर बेतू शकतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील नावाचा जिवाणू १९३५ साली निरोगी बाळांच्या शीमध्ये सापडला होता. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अँटिबायोटिकनं आतडं रिकामं झालेल्या मोठ्या माणसांत हाच जंतू वाढून आतड्याला सूज आणतो, हे १९७८ साली कळलं. वयस्कर माणसं त्यात दगावतातही. यावर इलाज कोणता निघाला ऐका. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रोग्याच्या आतड्यात सोडायची! नाक मुरडू नका. २०१३ साली हॉलंडमध्ये झालेल्या चाचणीत अशा १६ रोग्यांपैकी १३ जण एकाच वेळच्या उपचारानं बरे झाले. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या पद्धतीच्या औषधांना रीतसर मान्यताही मिळाली. उठलेली वस्ती पुन्हा वसवली, एवढंच त्यात केलं.

आणखी एक गोष्ट मला रोज कल्चरच्या प्लेटवर दिसते. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असतं. एस म्हणजे त्या औषधानं जंतू मरतो, आर म्हणजे मरत नाही. पूर्वी ई. कोलायच्या रिपोर्टवर बहुतेक ठिकाणी एस असायचं. आता कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या लघवीतल्या जंतूपुढेही पाच-सहा आर लिहावे लागतात. प्रत्येक अनावश्यक गोळीमागे आतड्यातले मवाळ जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात. ते आपला निबरपणा शेजारच्या जंतूंनाही देतात. पुढे कधी उन्हाळी लागते, तेव्हा तेच जंतू मूत्रमार्गात येतात आणि साध्या गोळीनं भागत नाही. इंजेक्शनं, सलाइन, जिल्ह्याच्या गावी फेऱ्या आणि कर्ज, सगळं मागे लागतं. गोळी सर्दीची असते, पण बिल येतं दोन वर्षांनी.

म्हणून काही गोष्टी घरात पाळूया. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजारणीला द्यायच्या नाहीत. जुलाब झालेल्या मुलाला आधी ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक द्यायचं. शीत रक्त दिसलं, मूल मलूल पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर लगेच दवाखाना गाठायचा. लघवीच्या त्रासात ताप, थंडी आणि कमरेत कळ असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. शक्य असेल तिथे औषध सुरू करण्याआधी कल्चरला द्यायचं.

डॉक्टरांना विचारायला कचरू नका, ‘हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी आहे? किती दिवस घ्यायचं?’ हे तीन प्रश्न विचारले म्हणून कुणी चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि घरातली लेक किंवा सून लघवीला जळजळतंय, पांढरं जातंय असं दबक्या आवाजात सांगायला आली, तर तिला कुठून आलं म्हणून विचारू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.